सागरी गळसामग्री, बेटांवरील
समुद्रातील मासे गळाने पकडण्याकरिता लागणारी काठी, रीळ, दोर, अग्रदोर, गळ, शिसे, फिरत्या कड्या आणि खरे वा कृत्रिम आमिष या सर्व साधनांना मिळून सागरी गळसामग्री म्हणतात. कोकणात गळाने मासे धरण्यास गरवणे व गळास गरी असे म्हणतात. जाळ्याने होणाऱ्या मासेमारीत साधनाचा आकार व माशांचा थवा यांना महत्त्व असते, तर गळाच्या मासेमारीत एका वेळी एकाच माशाशी गाठ असते आणि तो मासा व माणूस यांच्यामध्ये केवळ एक दोर असतो. त्यामुळे सामग्रीची निवड हा या मासेमारीतील निम्माअधिक भाग होय. किनाऱ्यापासून दूर असलेल्या, विशेषतः प्रवाळमय बेटावर गळाच्या मासेमारीसाठी जावयाचे असल्यास ही निवड अधिकच काटेकोरपणे करावी लागते. प्रस्तुत नोंदीत अशा निवडीमागील तत्त्वे मुख्यतः लक्षद्वीप व अंदमान या भारतीय द्वीपसमूहांच्या संदर्भात दिली आहेत.

बेटांची परिस्थिती : मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर वापरली जाणारी गळसामग्री बेटावर जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. कोकण किनाऱ्यालगतचे पाणी खाड्यांतून येणाऱ्या गाळामुळे व भरती-ओहोटीच्या ओढीमुळे वर्षातील बराच काळ गढूळ असते. तळ बहुतेक ठिकाणी चिखलाचा वा वाळूचा, उतार मंद आणि खोली बेताची असते. अशा पाण्यात मासे वासावर आमिष शोधतात. त्यामुळे कोळंबी किंवा बांगड्याचा तुकडा लावलेली गरी, थोडे शिसे आणि तंगूस एवढ्या सामग्रीवर उत्तम मासेमारी होते. प्रवाळबेटांभोवतीचे पाणी मात्र अतिशय स्वच्छ असते. तेथील मोठे शिकारी मासे नजरेने शिकार करतात व जाड दोर त्यांना सहज दिसतो. लक्षद्वीपमधील बेटे ही कंकणद्वीपे असून खाजणाची खोली अवघी काही मीटर असते. प्रवाळभित्तीच्या बाहेरच्या अंगास मात्र समुद्रतळ एकदम खाली उतरतो आणि काही किमी. अंतरातच खोली एक हजार मी.पेक्षा जास्त होते. अंदमानच्या बेटांभोवती मंच अधिक रुंद आहे, त्यावर प्रवाळाची रांजणे, बुडालेले खडक व खारफुटीच्या खाड्या आहेत. श्री विजयपुरमच्या (२०२४ पर्यंतचे नाव पोर्ट ब्लेअर) ईशान्येस सु. १४० किमी.वर असलेले बॅरन बेट हे जागृत ज्वालामुखीचे शिखर असून ते समुद्रतळापासून २,००० मी.हून अधिक उंच उठलेले आहे. त्याच्या कड्यालगत होडी उभी केली, तरी तिच्याखाली खोल पाणी असते.

या परिस्थितीचा परिणाम असा की, एकाच दिवशी एकाच होडीतून दोन मीटर पाण्यातील आणि दोनशे मीटर पाण्यातील मासा समोर येऊ शकतो. त्यांपैकी बहुतेक मोठे मासे गळाला लागताच प्रवाळाच्या कपारीकडे धाव घेतात. प्रवाळाची कडा करवतीसारखी असते व ताणलेला दोर तिला घासताच तुटतो. बेटावर गळसामग्रीचे दुकान बहुधा नसते किंवा असलेच, तर तेथे स्थानिक कोळ्यांना लागणारा हातगळ व तंगूस एवढेच मिळते. जे बरोबर नेले नाही ते तेथे मिळणार नाही, हे गृहीत धरूनच निवड करावी लागते.

इतिहास : गळ आणि बेटे यांचा संबंध फार जुना आहे. जपानमधील ओकिनावा बेटावरील साकितारी गुहेत सागरी गोगलगाईच्या शंखाच्या तळापासून घासून केलेले गळ सापडले असून त्यांचा काळ सु. २३,००० वर्षांपूर्वीचा ठरविण्यात आला आहे. ज्ञात गळांपैकी ते सर्वांत प्राचीन गळांत मोडतात. तिमोर बेटाच्या पूर्व टोकावरील जेरिमालाई येथील निवाऱ्यात सु. ४२,००० वर्षांपूर्वीच्या थरांत ट्यूनासारख्या खुल्या समुद्रातील माशांची हाडे आढळली आहेत. पॅसिफिक महासागरातील बेटवासीयांनी शिंपा, हाड व लाकूड यांपासून निरनिराळ्या माशांसाठी निरनिराळ्या आकारांचे गळ घडविले. त्यांतील टोक आत वळविलेला गळ हा आजच्या वर्तुळी गळाचा पूर्वज म्हणता येईल.

काठी व रीळ वापरून मोठे सागरी मासे धरण्याचा आधुनिक छंदही एका बेटावरच रूढ झाला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरील सांता कॅटालिना बेटालगत १ जून १८९८ रोजी चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी सु. ८३ किग्रॅ. वजनाचा नीलपक्ष ट्यूना काठी व रीळ यांच्या साहाय्याने पकडला. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने तेथे ट्यूना क्लब स्थापन झाला. त्यापूर्वी त्या बेटावर येणारे प्रवासी जाड हातदोरांनी मोठ्या प्रमाणावर मासे ओढून काढीत व बरेचसे वाया जात. क्लबने काठीचे व दोराचे नियम घालून दिले. मासा धरण्यास हलकीच सामग्री वापरावी, म्हणजे त्यालाही सुटण्याची संधी मिळेल, असा त्यामागील विचार होता. पुढे १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे आंतरराष्ट्रीय गेम फिश संघ स्थापन झाला व दोराच्या ताणबलानुसार विक्रमांची वर्गवारी सुरू झाली. आजही १ ते ६० किग्रॅ. या कक्षेतील ठरावीक वर्गांत विक्रम नोंदविले जातात.

त्या काळातील रिळांना रोधक नव्हता. मासा पळू लागला म्हणजे रिळाची मूठ उलटी गरगर फिरे आणि बोटे फुटत. विल्यम बोशेन यांच्या कल्पनेवरून जूलिअस व्हॉम होफे यांनी रिळाच्या आतच चकत्यांचा रोधक बसविला आणि अशा रिळावर बोशेन यांनी १९१३ मध्ये कॅटालिनाजवळ सु. १६१ किग्रॅ. वजनाचा तलवार मासा धरला. स्थिर फिरकीचे रीळ मात्र इंग्लंडमधील कापड उद्योगातून आले. आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी कताईच्या बॉबिनवरून सुचलेल्या अशा रिळाचे एकस्व १९०५ मध्ये घेतले.

काठीच्या इतिहासाशी भारताचाही थोडा संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बांबूच्या पट्ट्या चिकटवून काठ्या तयार होऊ लागल्या, तेव्हा त्यांकरिता ‘कलकत्ता बांबू’ या नावाने ओळखला जाणारा भारतातील बांबू वापरीत. पुढे दक्षिण चीनमधील टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंच्या व १९७३ च्या सुमारास कार्बन तंतूंच्या काठ्या प्रचारात आल्या. दोराच्या बाबतीत लिननची जागा प्रथम नायलॉनच्या एकतंतू दोराने घेतली (१९३९ नंतर) आणि १९९० नंतरच्या दशकात अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीन तंतूंचा विणीचा दोर आला. बेटांवरील मासेमारीत या शेवटच्या बदलाइतका मोठा बदल दुसरा झालेला नाही.

हलकी की जड सामग्री : कॅटालिना येथे घालून दिलेला हलक्या सामग्रीचा संकेत आजही अनेक हौशी मंडळी प्रमाण मानतात. तो ज्या पाण्यात निर्माण झाला, तेथे योग्यच होता. ट्यूना खुल्या, खोल पाण्यात दूरवर पळतो. त्याच्यापुढे अडथळा नसल्याने होडी त्याच्यामागे नेता येते आणि हलक्या दोरावरही तो थकवून आणता येतो. प्रवाळभित्तीच्या कडेला मात्र हा संकेत माशाच्या हिताचा नाही. तेथे पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत मासा रोखता आला नाही, तर तो कपारीत शिरतो आणि दोर तुटतो. तोंडात गळ व मागे कित्येक मीटर न कुजणारा दोर घेऊन सुटलेला मासा प्रवाळात अडकून मरण्याचा संभव असतो. लढत लांबली, तर थकलेल्या माशावर शार्क हल्ला करतात. सोडून दिलेला मासाही स्नायूंत साचलेल्या लॅक्टिक अम्लामुळे नंतर मरू शकतो. म्हणून बेटावर जाताना तेथील सर्वांत मोठ्या संभाव्य माशास व सर्वांत वाईट तळास पुरेल इतकी जड सामग्री नेणे हेच अधिक खिलाडूपणाचे होय. याला मर्यादा आहे ती माणसाच्या शक्तीची, आणि ती पुढे सांगितली आहे.

निवड नेहमी पाण्याच्या बाजूने, म्हणजे गळापासून मागे काठीकडे करीत यावी. पुष्कळदा याच्या उलट घडते. महाग काठी व रीळ आधी घेतले जाते आणि कडी, गळ, गाठ या स्वस्त वस्तूंकडे दुर्लक्ष होते. सामग्री ही साखळी असल्याने तिचे बळ सर्वांत कच्च्या कडीइतकेच असते आणि मोठा मासा सुटतो, तो बहुधा सरळ झालेल्या गळामुळे, उघडलेल्या कडीमुळे किंवा सुटलेल्या गाठीमुळे. काठी मोडून सुटलेले मासे त्या मानाने थोडेच.

गळ : प्रवाळभित्तीवरील जायंट ट्रेव्हली (कॅरँक्स इग्नोबिलिस) हा मासा हिंदी व पॅसिफिक महासागरांतील बेटांवर जाणाऱ्या हौशी मंडळींचे मुख्य लक्ष्य असतो. जपानच्या कागोशिमा भागात २००६ मध्ये ७२.८ किग्रॅ. वजनाचा मासा गळाने धरल्याची नोंद आहे. त्याचे जबडे इतके बळकट असतात की, साध्या तारेचा गळ ते चिरडून सरळ करतात. अशा माशांसाठी जाड तारेचे घडीव गळच निवडावेत. कृत्रिम आमिषावर तीन टोकांच्या गळांऐवजी एकेरी गळ लावल्यास मासा सोडविणे सोपे जाते आणि माणसाच्या हातात गळ रुतण्याचा धोकाही घटतो. गळाचा उलट काटा पक्कडीने दाबून टाकणे या दोन्ही दृष्टींनी इष्ट होय. दोर ताणलेला ठेवल्यास काटा नसल्याने मासा सुटत नाही, याचा पुरावा मिनिकॉयचे मच्छीमार रोज देतात.

खऱ्या आमिषाकरिता वर्तुळी गळ वापरावा. त्याचे टोक दांड्याकडे आत वळलेले असते. आमिष गिळलेला मासा वळून निघाला की, गळ घशातून सरकत जबड्याच्या कोपऱ्यात येऊन बसतो. येथे काठीला झटका द्यावयाचा नसतो. झटका देण्याची सवय असलेल्यांच्या हातून वर्तुळी गळावरील मासे सुटतात व दोष गळाला दिला जातो. अगंज पोलादाचे गळ टिकाऊ असले, तरी माशाच्या तोंडात राहिल्यास ते झिजत नाहीत. म्हणून कथिलाचा मुलामा दिलेले साधे पोलादी गळ बरे.

अग्रदोर व गाठी : मुख्य दोर व गळ यांमध्ये जो जाड, घर्षण सोसणारा तुकडा असतो, त्यास अग्रदोर म्हणतात. स्वच्छ पाण्यात तो जितका कमी दिसेल तितका चांगला. फ्ल्युओरोकार्बनचा प्रणमनांक सु. १.४२, नायलॉनचा सु. १.५३ आणि समुद्राच्या पाण्याचा सु. १.३४ असल्याने फ्ल्युओरोकार्बन पाण्यात कमी उठून दिसतो. शिवाय त्याची घनता १.७८ असल्याने तो बुडतो. खोल पाण्यात आमिष खाली सोडावयाचे असल्यास हा गुण उपकारक असतो. पृष्ठभागावरील आमिषाला मात्र तो खाली ओढतो व म्हणून तेथे जाड नायलॉनच चांगला. मोठ्या ट्रेव्हलीसाठी ६० ते ७५ किग्रॅ. ताणबलाचा, दीड-दोन मी. लांबीचा अग्रदोर पुरतो. सुरमई (तोवर, इसवण), वाहू व बाराकुडा यांचे दात वस्तऱ्यासारखे असतात आणि त्यांच्यापुढे कोणताही कृत्रिम तंतू टिकत नाही. त्यांच्यासाठी १५ ते ३० सेंमी. लांबीची पोलादी तार गळालगत जोडावी. तार दिसल्याने काही मासे आमिषाकडे फिरकत नाहीत, हा तोटा पत्करावा लागतो.

विणीचा दोर गुळगुळीत असल्याने साध्या गाठी त्यात घसरतात आणि कित्येकदा मूळ बळाच्या निम्मेच बळ उरते. अग्रदोराभोवती दोन्ही बाजूंनी आळीपाळीने दोर आवळत नेणारी एफ्‌जी गाठ बारीक असून काठीच्या कड्यांतून न अडखळता जाते व जवळजवळ पूर्ण बळ टिकवून धरते. बहामातील एका बेटसमूहाच्या नावाने ओळखली जाणारी बिमिनी ट्विस्ट ही गाठ दुहेरी फास करण्यास वापरतात. गाठ आवळताना ती पाण्याने वा थुंकीने ओली करावी, कारण पॉलिएथिलीन सु. १५० से. तापमानालाच वितळते व कोरड्या घर्षणाची उष्णताही त्याला इजा करते. या गाठी हलत्या होडीत प्रथमच शिकणे जमत नाही. त्या घरी, हाताला सवय होईपर्यंत बांधून व ओढून पाहाव्यात.

मुख्य दोर : नायलॉनचा एकतंतू दोर तुटण्यापूर्वी २० ते ३० टक्के ताणला जातो. विणीच्या दोराचा ताण ३ ते ५ टक्क्यांपलीकडे जात नाही आणि तेवढ्याच बळासाठी त्याची जाडीही बरीच कमी असते. शंभर मीटर खोलीवरील माशाचा स्पर्श विणीच्या दोरावर ताबडतोब हाताला कळतो व प्रवाह त्याला कमी वाहून नेतो. पृष्ठभागावर फेकण्याकरिता ३५ ते ४५ किग्रॅ. ताणबलाचा (जपानी पद्धतीने पीई ८, जाडी सु. अर्धा मिमी.) सु. ३०० मी. दोर रिळावर असावा. नायलॉनचाही गुण आहेच. होडीमागे आमिष ओढत नेताना मासा एकदम झडप घालतो, तेव्हा नायलॉनचा लवचिकपणा धक्का शोषून घेतो. विणीच्या दोराचा एक मोठा दोष म्हणजे तो हाताला कापतो. ताणाखाली असलेला असा दोर बोटाला वा मनगटाला गुंडाळून ओढणे अत्यंत धोक्याचे आहे. अडकलेला दोर सोडविताना तो लाकडी दांड्याला गुंडाळून ओढावा.

रीळ व रोधक : दोर किती ताणावर सुटावा, हे रिळातील रोधक ठरवितो. सर्वसाधारण नियम असा की, रोधक दोराच्या ताणबलाच्या एकतृतीयांश ते एकचतुर्थांशावर लावावा. ही गोष्ट हाताच्या अंदाजाने न करता काठी वाकवून, दोराचे टोक स्प्रिंगच्या ताणकाट्याला अडकवून करावी. जवळजवळ प्रत्येक नवशिक्या हाताने ओढून लावलेला रोधक प्रत्यक्षात त्याला वाटतो त्याहून फार कमी वा फार जास्त असतो.

एकतृतीयांश हे प्रमाण उगीच कमी ठेवलेले नाही. रोधकाचे घर्षण आघूर्ण कायम असते, पण दोर जसजसा सुटत जातो तसतशी फिरकीवरील दोराच्या गुंडाळीची त्रिज्या घटते आणि तोच रोधक दोरावर अधिक ताण आणतो. गुंडाळीचा व्यास ८ सेंमी.वरून ४ सेंमी. झाला, तर १० किग्रॅ.वर लावलेला रोधक २० किग्रॅ.चा होतो. त्यात काठीच्या कड्यांवरील घर्षण आणि पाण्यातून खेचल्या जाणाऱ्या लांब दोराला होणारा पाण्याचा रोध यांची भर पडते. म्हणून मासा दूर गेला असता रोधक घट्ट करण्याची जी ओढ होते, ती नेमकी चुकीची होय. त्या वेळी तो सैल करावयाचा असतो. मोठ्या व्यासाच्या उथळ फिरकीत हा फरक कमी पडतो व त्यामुळेच प्रवाळभित्तीवरील मासेमारीसाठी मोठी रिळे निवडतात. रोधकाच्या चकत्या कार्बनच्या असाव्यात, कारण त्या तापल्या तरी झटके न देता सारख्या फिरतात. सुरुवातीला अडखळून मग सुटणारा रोधक कितीही बळकट असला तरी दोर तोडतो.

आमिष फेकण्यासाठी स्थिर फिरकीचे रीळ सोयीचे असते, तर खोल पाण्यात ओढण्यासाठी व होडीमागे ओढीत नेण्यासाठी फिरत्या फिरकीचे रीळ अधिक बळकट ठरते. दोन्ही नेता येत नसतील, तर स्थिर फिरकीचे एक मोठे रीळ आणि निरनिराळ्या जाडीच्या दोरांनी भरलेल्या दोन फिरक्या ही तडजोड वाईट नाही.

काठी : काठी ही माणसाच्या विरुद्ध काम करणारी तरफ आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. टोकाशी १२ किग्रॅ. ओढ असली, तर पुढच्या हाताला तिच्या कित्येक पट बळ लावावे लागते, कारण हात टेकूच्या जवळ आणि ओढ दूर असते. काठी वाकली म्हणजे ओढीचा बिंदू जवळ येतो व तरफेचा भार कमी होतो. ताठ काठी बळकट वाटते, पण ती माशाऐवजी माणसालाच थकवते. लांब काठीने आमिष दूर फेकता येते, आखूड काठीने मासा वर उचलता येतो. होडीतून पृष्ठभागावर फेकण्यास २.३ ते २.५ मी., खोल पाण्यात धातूचे आमिष झटकवीत वर आणण्यास १.५ ते १.८ मी. आणि खडकावरून फेकण्यास ३ मी.पर्यंत लांबीची काठी योग्य होय. कार्बनची काठी हलकी व संवेदनक्षम असली, तरी मासा होडीखाली असताना ती उभी धरल्यास टोकाशी अचानक मोडते. काठीचा कोन आडव्याच्या थोडाच वर ठेवावा.

रोधक किती लावावा याची खरी मर्यादा येथे येते. दोर ४५ किग्रॅ.चा आहे म्हणून १५ किग्रॅ. रोधक लावता येतो खरा, परंतु हलत्या, ओल्या फळीवर उभे राहून एवढी ओढ सहन करणे प्रत्येकाला शक्य नसते. तोल जाऊन माणूस पाण्यात पडू शकतो व कंबरेला दुखापत होते. आपण उभे राहून दहा मिनिटे जेवढा ताण सोसू शकतो, तेवढाच रोधक व त्याला साजेशीच सामग्री निवडावी. घराच्या अंगणात दोराला वजन टांगून याची परीक्षा सहज घेता येते.

कृत्रिम आमिषे : पॉपर हे तोंडाशी खोलगट असलेले तरंगते आमिष असून झटका दिला असता ते पाणी उडविते व आवाज करते. १०० ते २०० ग्रॅ. वजनाचे पॉपर दिवसभर फेकणे हे कष्टाचे काम आहे. समुद्र शांत असेल, तर आवाज न करता पोहणारे कांडीसारखे आमिष अधिक परिणामकारक ठरते. खोल पाण्यात हेकरू, तांब व श्वानदंती ट्यूना यांच्यासाठी जिग नावाचे शिशाचे लांबट आमिष वापरतात. ६० ते १०० मी. खोलीस १५० ते ३०० ग्रॅ. वजनाचे जिग लागतात व प्रवाह जोराचा असल्यास याहून जड. रंगांविषयी दुकानदार पुष्कळ सांगतात, परंतु पाण्यात लाल रंगाचा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषला जात असल्याने खोल पाण्यात लाल जिग काळपट दिसतो. तेथे रंगापेक्षा वजन व आकार महत्त्वाचे. प्रवाळावर आमिषे हमखास गमावली जातात, म्हणून पाच-सहा उपयुक्त प्रकारांचे प्रत्येकी तीन-चार नग नेणे हे वीस प्रकारांचा एकेक नग नेण्यापेक्षा शहाणपणाचे.

मिनिकॉयची गळकाठी : लक्षद्वीपच्या दक्षिण टोकास असलेल्या मिनिकॉय (मलिकू) बेटावर मालदीवप्रमाणेच काठी व दोराने ट्यूना धरण्याची परंपरागत पद्धत आहे. विशिष्ट ठिकाण, विशिष्ट मासा व विशिष्ट हेतू यांना सामग्री किती तंतोतंत जुळविता येते, याचे हे उत्कृष्ट उदाहरण आहे. मच्छीमार प्रथम खाजणात स्प्रॅटेलॉइडीस प्रजातीचे व इतर लहान मासे जाळ्याने धरतात आणि होडीच्या तळातील पाणी खेळत्या कप्प्यात जिवंत ठेवतात. पट्टेदार ट्यूनाचा (कॅट्सुवोनस पेलामिस) थवा दिसताच हे लहान मासे समुद्रात फेकले जातात व होडीवरून पाण्याचा फवारा मारला जातो. फवाऱ्यामुळे पृष्ठभाग खळबळतो, लहान माशांच्या थव्याचा भास होतो आणि होडी व माणसे ट्यूनाला नीट दिसत नाहीत. मग होडीवर ओळीने उभे राहिलेले मच्छीमार बांबूच्या काठ्यांना जोडलेले, आमिष न लावलेले चकचकीत गळ पाण्यात ओढतात. या गळांना उलट काटा नसतो. दोराची लांबी काठीइतकीच ठेवलेली असते, त्यामुळे गळाला लागलेला मासा एका झोक्यात होडीवर येतो, दोर सैल होताच आपोआप सुटून पडतो आणि गळ क्षणात पुन्हा पाण्यात जातो. येथे रीळ नाही, रोधक नाही व जाड दोरही नाही. मासे बहुधा लहान, खुल्या पाण्यातले व थव्याने येणारे असल्याने त्यांची गरजच पडत नाही. हीच काठी प्रवाळभित्तीवरील तीस किग्रॅ.च्या ट्रेव्हलीपुढे निरुपयोगी ठरेल आणि ट्रेव्हलीसाठी नेलेली महागडी सामग्री या थव्यात मच्छीमाराच्या काठीच्या दशांशानेही मासे देणार नाही.

प्रवास, नियम व सुरक्षितता : लक्षद्वीपला कोचीहून जहाजाने किंवा आगत्ती येथील लहान धावपट्टीवर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जावे लागते. त्यामुळे लांब एकसंध काठी नेणे अवघड होते. दोन तुकड्यांची काठी कठीण नळकांड्यात घालून न्यावी. गळ, सुऱ्या व पक्कड विमानाच्या आतील सामानात चालत नाहीत. ज्या वस्तूवाचून मासेमारी थांबेल ती प्रत्येक वस्तू दोन असावी, म्हणजेच दुसरी काठी, दुसरे रीळ, दोराची एक पूर्ण गुंडाळी व काठीच्या टोकाची कडी.

लक्षद्वीपमध्ये प्रवेशासाठी बाहेरून येणाऱ्या भारतीय नागरिकांनाही परवाना लागतो. अंदमानात वंडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात (स्थापना १९८३) मासेमारीस बंदी आहे. उत्तर सेंटिनल बेटाभोवतीचा समुद्र तेथील आदिवासींच्या संरक्षणार्थ निषिद्ध असून तिकडे होडी नेण्याचा आग्रह नाखव्याला करू नये. बेटाजवळ वाहत गेलेल्या दोन मच्छीमारांचा २००६ मध्ये तेथे मृत्यू झाला. महाकाय हेकरू (एपिनेफेलस लॅन्सिओलेटस) हा मासा २००१ मध्ये वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत घेण्यात आला. तो गळाला लागल्यास पाण्यातच सोडून द्यावा.

बेटावरून मोठे रुग्णालय दूर असते, याचा विचार सामग्रीतच झाला पाहिजे. डोळ्यांना चष्मा, हातांना मोजे, जाड गळ कापू शकणारी कात्री व लांब पक्कड या वस्तू आमिषांइतक्याच आवश्यक आहेत. माशाच्या तोंडातून निसटलेले दीडशे ग्रॅमचे आमिष ताणलेल्या दोराबरोबर होडीकडे उलटे उडून येते व त्याने डोळा जाऊ शकतो. प्रवाळांतील मोठे बाराकुडा, हेकरू व तांब यांच्या शरीरात गॅम्बिअरडिस्कस या सूक्ष्म जीवापासून अन्नसाखळीमार्फत आलेले सिग्वाटेरा विष साठू शकते. ते शिजविल्याने नष्ट होत नाही आणि चवीवरून ओळखता येत नाही. खाण्यासाठी लहान मासे ठेवून मोठे सोडून देणे यामुळेही श्रेयस्कर ठरते.

निगा : समुद्राच्या पाण्याचे तुषार रिळात व काठीच्या कड्यांत सुकले की मिठाचे स्फटिक राहतात. ते हवेतील ओलावा शोषून धातू गंजवितात व दोराला घासतात. सामग्री रोज गोड्या पाण्याने धुवावी असे सर्वत्र सांगितले जाते, परंतु प्रवाळबेटांवर गोडे पाणी वाळूखालील पातळ थरात व पावसाच्या साठ्यातच असते आणि ते बेटवासीयांच्या पिण्याचे असते. तेथे बादल्या भरभरून रिळे धुणे शोभत नाही. पिळलेल्या ओल्या फडक्याने रीळ व कड्या पुसून सावलीत वाळवाव्यात, रोधक पूर्ण सैल करून ठेवावा आणि वापरलेले गळ न वापरलेल्या गळांच्या डबीत टाकू नयेत, कारण एका खाऱ्या गळाने सगळी डबी गंजते. दोराचे पहिले दोन-तीन मी. रोज संध्याकाळी बोटांतून ओढून पाहावेत व खडबड लागल्यास तेवढा भाग कापून गाठ नव्याने बांधावी. कापलेले तुकडे समुद्रात न टाकता परत आणावेत. पूर्ण धुलाई मुख्य भूमीवर परतल्यावर करावी. त्या वेळी रीळ पाण्यात बुडवून ठेवू नये, कारण तसे केल्यास मिठाचे पाणी आत शिरते. मंद धारेखाली धरून ते पुसावे व धारव्यांना थोडे तेल द्यावे.